वळलेली मान

ताईने पत्र्याची शेळी खिडकीतल्या फळीवरून उचलली, मागच्या खोलीत नेली आणि कागदी टोपल्यांच्या उतरंडीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. मग दोन टोपल्या जरा पुढे सरकवल्या. तरी एक कान दिसतच होता. तिने तिसरी टोपली त्यावर पालथी घातली, हात झटकले आणि बाहेर येऊन रिकाम्या झालेल्या जागी बाटलीच्या काचेचा दिवा ठेवला.

असं का केलंस, म्हणून कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. शेळीच्या कडा धारदार आहेत, एखाद्या पोराचं बोट कापलं तर संस्थेच्या अंगाशी येईल. उत्तर खोटंही नव्हतं. पण विचारायला दुकानात कुणीच नव्हतं, त्यामुळे ते तिच्या तोंडातच राहिलं.

सकाळी चष्म्याला साखळी लावलेली एक बाई आली होती. अशा बायका पिशव्या बघतात, पिशवीची चेन दोनदा उघडझाप करतात, 'टायरच्या ट्यूबचा वास येतो का हो?' असं विचारतात आणि एखादी सतरंजी घेऊन जातात. या बाईने तसं काही केलं नाही. ती शेळीपाशी जाऊन उभी राहिली ती राहिलीच. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. शेळीला हात मात्र लावला नाही. ती एका संग्रहालयाची माणूस होती, हातांनी केलेल्या वस्तू गोळा करत गावोगाव फिरत होती. पुढे अजून बराच प्रवास होता, गाडीत शेळी चेपली असती. दोन-तीन महिन्यांनी परतीच्या वाटेवर येईन तेव्हा नेईन, तोवर इथेच खिडकीत राहू द्या, असं तिने सांगितलं. आणि दारातून बाहेर पडता पडता वळून म्हणाली,

"याच हातची आणखी काही जनावरं असतील ना, तर ठेवा माझ्यासाठी. असा हात रोज दिसत नाही."

ताईने हसून मान डोलावली होती. दार लागल्यावर हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, आणि मग तिने शेळी उचलली होती.

संस्थेचं हे दुकान एका छापखान्याच्या शेजारी, रस्त्याच्या वळणावर होतं. टाकून दिलेल्या जिनसांपासून केलेलं सामान तिथे विकलं जाई. ट्यूबच्या पिशव्या, वर्तमानपत्रांच्या टोपल्या, चिंध्यांच्या सतरंज्या, काचेचे दिवे. करणारी पंचवीस-तीस माणसं, बहुतेक बायकाच, गोदामांच्या मागच्या बैठ्या वस्तीत राहणाऱ्या. ताई गेली नऊ वर्षं हे दुकान सांभाळत होती. कुठल्या पिशवीला खिसा हवा, कुठला रंग लोकांच्या डोळ्यांत भरतो, कुठली वस्तू फळीवर धूळ खात पडणार, हे ती वस्तू हातात घेताच सांगे आणि तिचं सहसा चुकत नसे. तिच्या आईच्या वयाच्या बायकाही तिला ताईच म्हणत. ताई म्हणाली खिसा आत, तर खिसा आत.

त्याआधी ती मूर्ती करायची. कलाशाळेत पाच वर्षं मातीत हात घालून बसली होती. लग्नानंतरही दोन-तीन वर्षं केलं, आणि मग थांबली. का थांबलीस, या प्रश्नाचंही एक उत्तर होतं, ते आता तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्यालाच जास्त पाठ झालं होतं. घरी पाहुणे आले की तो सांगे, हिने स्वतःचं सोडलं आणि दुसऱ्यांच्या हातांना काम मिळावं म्हणून उभी राहिली. पाहुणे म्हणत, केवढं मोठं मन. सासूबाई चहाचे कप गोळा करता करता मान हलवत. ताई काही बोलत नसे. मोठ्या मनाच्या माणसाने काय बोलायचं असतं?

शेळी जिच्या हातची, ती पत्रेवाली दुकानात आली त्याला वर्ष होत आलं होतं. पहिल्या दिवशी पोत्यातून तिने नरसाळी आणली होती. तिचा नवरा जन्मभर पत्र्याचं काम करत आला होता. नरसाळी, मापटी, चाळण्या, गळक्या बादल्यांना बूड. प्लास्टिक आलं आणि ते सगळं बसलं, त्यात त्याच्या डोळ्यांत पडदा आला. तेव्हापासून कात्री पत्रेवालीने हातात घेतली होती. नरसाळ्यांना आता कोण विचारतं, असं ताईने तिला समजावून सांगितलं, आणि मेणबत्तीची घरं करून आणायला सांगितली. कागदावर काढूनही दिली. पत्रेवालीने ती केली, अगदी कागदावरच्यासारखी, आणि ती कुणी घेतली नाहीत.

चौथ्या की पाचव्या खेपेला पोत्याच्या तळाशी एक बैल निघाला. तेलाच्या डब्याचा, वीतभर. डब्यावरच्या छापील अक्षरांचा अर्धा तुकडा त्याच्या पाठीवर आला होता.

"हा काय मावशी?"

"उरलेल्या तुकड्यांचा आहे. नातीला केला होता. तिला टोचला, म्हणून आणला. टाकून द्यायचा तर द्या."

ताईने तो हातात घेतला. बैल बसलेला होता, पण पुढचा एक गुडघा नुकताच जमिनीवरून सुटला होता. ताईचं बोट आपोआप त्या गुडघ्यावरून वशिंडाकडे, वशिंडावरून मानेकडे गेलं, आणि तिथून परत. काय आहे हे, कुठून आलं, याचा माग काढत असल्यासारखं. पत्रेवाली बघत होती. ताईने बैल खाली ठेवला आणि म्हणाली, ठेवून बघू.

बैल तीन दिवसांत गेला. पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ताईचा नवरा तिला न्यायला आला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा. कलेतलं आपल्याला काही कळत नाही, असं तो स्वतःच आनंदाने सांगत असे. त्या दिवशी तो फळीसमोर उकिडवा बसला. ताई कुलूप, किल्ल्या, पिशवी घेऊन मागे उभी होती.

"हा उठायच्या बेतात आहे," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाला, "बघ ना. आत्ता उठेल."

जेवताना त्याने ते आईलाही सांगितलं. बैल कसा बसलाय, कसा उठणार, हे स्वतःचा गुडघा उचलून दाखवलं. सासूबाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, आपली हीदेखील करायचीच की असलं काहीतरी.

"हो तर," नवरा म्हणाला. "ही पण छान करायची."

तो मनाचा अगदी सरळ माणूस, त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. ताईने त्याच्या ताटात भाजी वाढली. पण तो 'पण' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला, आणि खाली उतरेना.

त्यानंतर कुत्रं आलं, गाढव आलं, पिलाला तोंडात धरून चाललेली मांजर आली. दर वेळी पत्रेवाली पोत्यातून जनावर काढी, ताईच्या टेबलावर ठेवी आणि पदराने बोटं पुसत उभी राही. दर वेळी ताई म्हणे, छान आहे. एकदाही तिने ते वरच्या पट्टीत म्हटलं नाही. ट्यूबच्या पिशव्या करणारी बाई एकदा म्हणाली, ताई, आमच्या पिशवीत एक टाका तिरपा गेला तर तुम्हाला लांबून दिसतो, आणि या मावशींच्या गाढवाचे चारही पाय वेगवेगळ्या मापाचे, ते चालतं होय? सगळ्या हसल्या. ताईही हसली. खरं तर त्या गाढवाचे पाय वेगळे नसते तर ते गाढव तिथल्या तिथे मेलं असतं, हे तिला कळत होतं, आणि ते फक्त आपल्यालाच कळतंय, याचाच तिला जास्त त्रास होत होता. न कळणाऱ्याच्या पोटात दुखत नाही.

आणि मग शेळी आली. चालता चालता थांबलेली, मान वळवून मागे बघणारी. कलाशाळेत ताईने दोन वर्षं एक वासरू केलं होतं, पाठ चाटायला मान वळवलेलं. मोडायची, पुन्हा करायची. शेवटी तिथले सर येऊन उभे राहिले, वासराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मान वळलीय. वासरू नाही वळलं." तेव्हा तिला ते बोलणं कळलंच नव्हतं. आता वीस वर्षांनी, एका डब्याच्या पत्र्यात, ते तिला लख्ख कळलं. ही शेळी मागच्या डाव्या खुरापासूनच वळायला लागली होती. मान सगळ्यात शेवटी वळली होती. आणि हे जिने केलं होतं ती समोर उभी राहून विचारत होती, ताई, नळाला पाणी असेल का, हात धुवायचेत.

शेळी टोपल्यांमागे गेली त्याच आठवड्यात ताईने पत्रेवालीला बसवून घेतलं. प्रेमाने, हळू आवाजात, जशी ती सगळ्यांशी बोले तशीच. ही जनावरं चांगली आहेत मावशी, पण एकेक करण्यात जीव जातो. आणि मोठ्या मागणीला एकसारखा माल लागतो. रंग लागतो. कडा गोल लागतात. तिने पुठ्ठ्यावर एक पोपट कापून दिला, दांडीवर बसलेला. खाली बैठक, वर हिरवा रंग, चोच लाल.

पत्रेवालीने पुठ्ठ्याचा पोपट उलटासुलटा करून पाहिला.

"सगळे एकीकडेच बघणार?"

"हो. ओळीने मांडायला बरे दिसतात."

"बरं," पत्रेवाली म्हणाली, आणि पुठ्ठा पोत्यात घातला.

पोपट चालले. नुसते चालले नाहीत, लोकांनी ते डोक्यावर घेतले. एका कचेरीने भेट द्यायला म्हणून घेतले, मग दुसरीने. एका शाळेने खिडक्या-खिडक्यांतून लावले. संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी पोपट हातात धरून सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं, हाताला दिशा देणं म्हणजे काय, ते ताईंकडून शिकावं. टाळ्या पडल्या. पत्रेवालीही दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. ताईने त्या रात्री गाढ झोप काढली.

शेळीकडे ती बघत नसे. मागच्या खोलीत सुतळी आणायला गेली तरी टोपल्यांच्या बाजूला नजर टाकायची नाही, रस्त्यात ज्याला टाळायचं त्याच्या दाराकडे आपण पाहत नाही तशी. पत्रेवालीने एकदा विचारलं होतं, शेळी गेली का. जाईल, असं ताई म्हणाली होती. मग तिनेही पुन्हा विचारलं नाही.

चष्म्याच्या साखळीवाली बाई बोलल्याप्रमाणे आली. आत येताच आधी खिडकीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"शेळी?"

"गेली," ताई म्हणाली. आवाज अगदी सहज निघाला. "गर्दीत माझ्या लक्षात राहिलं नाही, कुणीतरी घेऊन गेलं."

बाईने खिडकीतल्या काचेच्या दिव्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. रागावली असती तर ताईला सोपं गेलं असतं. त्या हातचं दुसरं काही आहे का, असं तिने विचारलं. ताईने पोपटांच्या फळीकडे बोट केलं. बाईने एक पोपट उचलला, खालून बघितला, आणि ज्या ओळीतून घेतला होता तिथेच, त्याच दिशेला तोंड करून, नीट परत ठेवला.

"त्याच बाईंनी केलेत?"

"हो."

"त्यांना काही झालं का?" बाईने विचारलं. खरंच काळजीने विचारलं.

ताईने नाही म्हणून सांगितलं. बाईने आपला फोन नंबर लिहून दिला, अजून चार-पाच दिवस या भागात आहे म्हणाली, आणि गेली. पुढे दुपारभर ताईने काय काय केलं ते तिला नंतर आठवलं नाही. एका गिऱ्हाइकाला तिने दोनदा त्याच सतरंजीचं माप सांगितलं एवढं मात्र ट्यूबवालीने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई वस्तीत गेली. पोपटांची नवी मागणी आली होती, तेवढं निमित्त पुरेसं होतं. पत्रेवालीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत डबे कापून सपाट केलेले पत्रे जाडीप्रमाणे उभे लावलेले होते, खवट तेलाचा वास येत होता. तिचा नवरा पोत्यावर बसला होता, दोन्ही पायांमध्ये लोखंडी ठोकळा धरून. पुठ्ठ्याचा पोपट झिजला म्हणून त्याने त्याचा लाकडी साचा करून घेतला होता. साच्यावर पत्रा ठेवायचा, हातोडीने कड बसवायची, अंगठा फिरवून बघायचं, पुढचा. पाहायची गरजच पडत नव्हती.

ताई आल्याचं कळताच त्याने हात जोडले. दोन वर्षं मी या भिंतीला टेकून बसलो होतो, तो म्हणाला, येणाराजाणारा विचारायचा, बाबा बरे आहेत का, जसं काही आजारीच आहे. आता विचारतात, पोपट किती झाले.

"रंगाचं तेवढं माझ्याकडे नाही," तो हसत म्हणाला. "पोपट निळा झाला तरी मला तो हिरवाच. बोलणी हिने खायची."

पत्रेवाली उंबऱ्याशी बसून कुंचले धूत होती. तीही हसली. कात्री तिच्या डोक्यावर भिंतीला खिळ्याला टांगलेली होती, आणि कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली होती ती धुवून वाळून कडक झाली होती.

"तुम्ही कापत नाही आता?" ताईने विचारलं.

"हेच करतात सगळं. मी रंग देते. सोपं आहे." कुंचल्यातलं पाणी तिने झटकलं. "तुमचे उपकार आहेत ताई. माणूस उठून बसला."

ताई पुढ्यातल्या पाटावर बसली. इथे येताना तिने मनाशी काय काय योजलं होतं, त्यात हे नव्हतं. आपण वाईट करायला गेलो आणि ते भलं होऊन बसलं. आता पश्चात्तापालाही धड जागा उरली नव्हती.

"शेळी गेली का हो?" पत्रेवालीने विचारलं. "तशी घाई नाही. सहज."

"ती मागे का बघते?" ताईने एकदम विचारलं.

"पिल्लू मागे राहिलंय ना तिचं." पत्रेवालीने पुढचा कुंचला घेतला. "पिल्लू करायचं होतं. मग पोपट आले."

शेजारी हातोडीचे ठोके चालू होते. रस्त्यावरून कुणीतरी पाण्याची गाडी ढकलत नेली. ताई पाटाच्या कडेवर नख घासत होती.

"मावशी, शेळी विकली नाही. मी ती मागच्या खोलीत ठेवली होती. एक बाई घ्यायला आली होती, तिला मी सांगितलं, गेली म्हणून."

हातोडी थांबली. म्हाताऱ्याने मान वर केली. थोड्या वेळाने ठोके पुन्हा सुरू झाले, जरा हळू.

पत्रेवालीने सगळे कुंचले धुवून होईपर्यंत धुतले. मग ते डब्यात उभे ठेवले.

"तुम्ही पण काहीतरी करत होता ना?" ती म्हणाली. "तो बैल तुम्ही हातात घेतला तेव्हाच मला वाटलं. विकणारं माणूस असं बोट फिरवून बघत नाही."

"मातीचं करायचे."

"मग?"

"जमलं नाही."

हे शब्द आपण याआधी कधीच उच्चारले नव्हते, हे ताईला ते उच्चारल्यावर कळलं. तिने वाट पाहिली. आता मावशी म्हणतील, असं कसं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही आमच्यासाठी सोडलं. सगळे तेच म्हणतात.

"हो," पत्रेवाली म्हणाली. "सगळ्यांना नाही जमत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि कीवही नव्हती. हा डबा गंजलाय, याला जोड धरणार नाही, असं एखाद्याने सांगावं तसं ते होतं. ताईचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. नऊ वर्षांत तिच्याशी या विषयावर खरं बोललेलं हे पहिलं माणूस होतं. कुणाचा राग यावा तर हिचा यावा, आणि तो आता नीट येतही नव्हता.

पत्रेवाली उठली. तिने खिळ्यावरची कात्री काढली, दूध-पावडरीचा एक डबा कापून उलगडला आणि पत्रा ताईपुढे धरला.

"धरा इथं. घट्ट नको."

ताईने दोन्ही हातांनी पत्रा धरला. पुठ्ठा नाही, रेघ नाही, काही नाही. कात्री एका टोकाकडून शिरली आणि वळत निघाली. कुठे पाय, कुठे पोट, काही कळत नव्हतं, आणि कात्रीला सगळं माहीत होतं. पत्र्यातून येणारी करकर ताईच्या मनगटापर्यंत पोहोचत होती. इतक्या जवळून, इतक्या उजेडात, तिने असा हात कधी पाहिला नव्हता. आणि तरी, अगदी तेव्हाही, एक क्षण तिला वाटून गेलं की ही कात्री चुकावी. एकदाच. थोडीशी. तिने पत्रा हलवला नाही. कात्री चुकली नाही.

पिल्लू पुरं व्हायला तो दिवस गेला. दरम्यान ताईने दुकानातून त्या बाईला फोन केला आणि सांगितलं, शेळी गेली नव्हती, मीच आत ठेवली होती. मग बाईने एवढंच विचारलं, उद्या दुपारी आले तर चालेल का.

सकाळी पत्रेवाली आली. ताईने टोपल्या हलवून शेळी बाहेर काढली, पाठीवरची धूळ पुसली, काचेचा दिवा उचलून ती पुन्हा खिडकीत ठेवली. पत्रेवालीने पिल्लू तिच्या कुशीला लावून ठेवलं. पिल्लू चांगलंच होतं, चारही पाय फाकलेले, आपल्याच नादात, तोंड भलतीकडे. दोघी मागे सरून बघत राहिल्या. काहीतरी बिनसलं होतं. शेळी आता कुठेच बघत नव्हती, नुसती मान मुरडून उभी होती.

"राहिलंय काहीतरी," पत्रेवाली म्हणाली. तिने पिल्लू इकडचं तिकडे केलं, पोटाखाली ठेवून पाहिलं, पुढे ठेवून पाहिलं. "एकटी होती तेच बरं होतं की काय."

ताई पुढे झाली. तिने पिल्लू उचललं आणि फळीवर बरंच मागे नेऊन ठेवलं. एक वीत. मग आणखी चार बोटं. मग मागे येऊन पाहिलं, परत गेली आणि ते अंगठाभर आणखी सरकवलं, अगदी फळीच्या टोकाशी, जिथे खिडकीची सावली संपत होती. मधे मोकळी फळी राहिली. आणि शेळीने बघितलं.

पत्रेवाली बराच वेळ बघत राहिली. मग पदराने बोटं पुसत म्हणाली, "हां." आणि पोपटांना रंग द्यायचाय म्हणून घरी गेली.

दुपारी चष्म्याच्या साखळीवाली बाई आली. आज चष्मा तिने पुसला नाही. खिडकीसमोर उभी राहिली, मग एक पाऊल मागे सरकली, जसं सकाळी ताई सरकली होती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, एक पिशवीची चेन उघडझाप करत होतं. बाईने त्या मोकळ्या फळीवरून, शेळीपासून पिल्लापर्यंत, हवेतच हात फिरवला.

"हे असंच ठेवणार मी तिकडे. मोजून घेते," ती म्हणाली. "जनावरं तर आहेतच, पण हे एवढं अंतर सोडायचं कसं सुचलं असेल हो त्यांना?"

ताई कागद फाडत होती, बांधाबांधीसाठी. तिने कागदाची घडी घातली, कडेवरून नख ओढलं.

"त्यांची नजरच तशी आहे," ती म्हणाली, आणि सुतळी आणायला आत गेली.